दोन नद्यांचा फेस

आमच्या रसायनीला कुणी हवा पालटायला येत नाही. माथेरानला जाणारे नेरळला उतरतात, खंडाळ्याला जाणारे खोपोलीवरून घाट चढतात, अलिबागला जाणारे पनवेलवरून पुढे सरकतात. आणि या सगळ्यांच्या मधोमध, खालापूर तालुक्याच्या एका कोपऱ्यात आम्ही राहतो हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. गावाचे नावच असे की पाहुण्याने नाकाला रुमाल लावून उतरावे. खरे म्हणजे रसायनी नावाचे जुने गाव नाहीच. जुनी गावे मोहोपाडा, वासांबे, चांभार्ली, गुळसुंदे, आपटे ही. १९६० नंतर इकडे रसायनांचे कारखाने आले, त्यांच्या वसाहती आल्या आणि या आसपासच्या गावांना मिळून एकच नाव पडले. बारशाला आम्हा गावकऱ्यांना कुणी बोलावले नव्हते. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

मी यातल्याच एका गावचा. पाताळगंगेच्या काठी वाढलो, १९७६ साली तिथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो आणि साठी भरल्यावर नारळ व शाल घेऊन बाहेर पडलो. एवढ्या आयुष्यात माझा लांबातला लांब प्रवास म्हणजे एकदा काशी आणि दोनदा तिरुपती. असा माणूस गेल्या जानेवारीत आफ्रिकेत जाऊन हत्ती, मगरी आणि पाणघोडे पाहून आला, यावर आमच्या वसाहतीतल्या मंडळींचा अजूनही पुरता विश्वास बसलेला नाही.

झाले असे, की आमची धाकटी मुलगी लग्नानंतर युगांडात, कंपाला शहरी गेली. जावई तिथल्या एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. दर रविवारी तिचा फोन येई आणि शेवटी एकच पालुपद असे : "बाबा, एकदा या. तुम्हांला नाईल दाखवते, मोकळे हत्ती दाखवते."

"हत्ती आम्ही राणीच्या बागेत पाहिलेत," असे आमच्या सौ. पलीकडून ओरडून सांगत. पण नातवाचा पाचवा वाढदिवस आला आणि राणीच्या बागेचा मुद्दा आपोआप निकालात निघाला.

निघण्याच्या आधी शेजारचे निवृत्त मास्तर भेटायला आले. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली आणि विचारले, "प्राणी-पक्षी पाहायला एवढ्या लांब चाललात, ते ठीकच आहे. पण इथून हाकेच्या अंतरावर कर्नाळ्याचं अभयारण्य आहे. १९६८ सालापासून आहे. तिथं कधी गेला होतात?"

मी गेलो नव्हतो. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका जन्मभर येता-जाता एस. टी.च्या खिडकीतून पाहिला. पण खाली उतरून आत जावे असे कधी वाटले नाही. जवळचे ते आपले असतेच, पाहायचे कशाला, अशी आपली एक समजूत असते. मास्तरांना मी हसून उत्तर दिले; पण तो प्रश्न सामानाबरोबर विमानात चढला, तो परत येईपर्यंत उतरला नाही.

मुंबईहून एंटेबीला थेट विमान २०२३ पासून जाऊ लागले आहे. सहा तासांच्या आत माणूस व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाशी उतरतो. विषुववृत्त म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर शाळेतला भूगोल उभा राही : रणरणते ऊन आणि घामाच्या धारा. प्रत्यक्षात कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे, आपल्या महाबळेश्वरहून थोडेसेच कमी. रात्री पांघरूण लागले. लाल माती, केळीच्या बागा, फणसाची झाडे, आमच्या सौ. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, हे तर कोकणच की! फक्त माणसं तेवढी हळू बोलतात."

रस्त्यावर एका टपरीवर ठळक अक्षरांत 'रोलेक्स' अशी पाटी होती. एवढी महागडी घड्याळे टपरीवर कशी मिळतात, याचे मला नवल वाटले. जवळ जाऊन पाहतो तो तव्यावर अंड्याची पोळी भाजत होती, आणि ती चपातीत गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हाती पडत होती. तिकडच्या रोलेक्सचा अर्थ हा! आणि चपातीला तिथे चपातीच म्हणतात. हा शब्द, आणि बहुधा ती लाटण्याची रीतही, आपल्याच लोकांनी नेलेली. मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांच्या हातांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले; काहींना १८९८ साली त्सावोच्या सिंहांनी खाल्ले, पण पुष्कळांना तापाने आणि कामाने खाल्ले. पुढे तिथे आपल्याकडच्या लोकांनी दुकाने थाटली, कारखाने काढले. आणि १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन त्या साऱ्यांना देशाबाहेर काढले. त्यांतले काही मागाहून परतले. आज कंपालात गुजराती पुष्कळ, मराठी मोजके. पण त्या मोजक्यांच्या घरीही कढीपत्त्याची कुंडी सापडतेच.

आणखी एक गंमत सांगतो. कंपालाच्या उकिरड्यांवर माणसाच्या कमरेपेक्षा उंच करकोचे उभे असतात. डोक्याला टक्कल, गळ्याला लोंबती पिशवी, पाठीवर काळा कोट. माराबू त्यांचे नाव. एकेका पायावर तोल सांभाळत ते कचऱ्याकडे असे गंभीरपणे पाहत असतात, की मला आमच्या कारखान्यातल्या हिशेबतपासनिसांची आठवण झाली.

पहिल्या रविवारी मुलीने आम्हांला जिंजाला नेले. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते ती इथे. १८६२ साली स्पीक नावाच्या इंग्रजाने ही जागा पाहिली, तेव्हा इथे रिपन नावाचा धबधबा होता. १९५४ साली खाली वीजनिर्मितीसाठी धरण झाले आणि तो धबधबा पाण्याखाली गेला. आता पाणी नुसते सळसळत पुढे सरकते. पण त्याला अजून सहा हजारांहून अधिक किलोमीटर जाऊन भूमध्य समुद्र गाठायचा असतो.

काठावर एका लहानशा बागेत महात्मा गांधींचा अर्धपुतळा दिसला. जावई म्हणाले, "१९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथं विसर्जित केला होता." आमच्या सौ.नी लगेच चप्पल काढली आणि हात जोडले. मीही जोडले. पण माझे लक्ष पुतळ्याकडे नव्हते. मी पाण्याकडे पाहत होतो, आणि मला आई आठवत होती.

वाचकहो, आता मला थोडे घरचे सांगितले पाहिजे. आई १९९६ च्या मे महिन्यात गेली. ती जन्मात पाताळगंगेचे खोरे सोडून फारशी कुठे गेली नाही. नदीवर धुणे, नदीचेच पिणे, पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतात चढणाऱ्या वलगणीच्या माशांचे कालवण आणि गौरी-गणपतीचे विसर्जन, सगळे त्याच पाण्यात. जाण्याच्या आधी ती मला आणि ताईला म्हणाली होती, "मला लांब कुठं नेऊ नका रे. आपल्या गंगेतच सोडा. नाव गंगाच आहे ना तिचं?"

मी तिला हरिहरेश्वरला नेले. ताईला सांगितले, हरिहरेश्वर म्हणजे दक्षिण काशी, तिथे आईला चांगली गती मिळेल. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कर्जतला दिलेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "आई तर वेगळं म्हणाली होती." मग ती पुन्हा कधी तो विषय बोलली नाही. दर भाऊबीजेला ती येते, ओवाळते, अनारसे ठेवून जाते. पण ते एक वाक्य ताटातल्या निरांजनासारखे आमच्या दोघांच्या मध्ये तेवत राहते.

जिंजाला हे सगळे मनात आले. पण मी कुणाला काही बोललो नाही. गप्प बसण्याचा मला पुष्कळ सराव आहे.

त्यानंतर चार दिवसांनी आम्ही मर्चिसनला गेलो. कंपालाहून वायव्येला सुमारे ३०० किलोमीटर. हे युगांडातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. १९५२ साली ते स्थापन झाले. क्षेत्रफळ ३,८०० चौरस किलोमीटरहून अधिक. आमच्या कर्नाळ्याचे अभयारण्य वाढवून वाढवून बारा चौरस किलोमीटर झाले आहे. म्हणजे मर्चिसनमध्ये तीनशे कर्नाळे मावून वर जागा उरेल. १८६४ साली सॅम्युएल बेकर आणि त्याची बायको फ्लोरेन्स हिंडत हिंडत इथे पोचली आणि बेकरने धबधब्याला लंडनच्या भूगोल-संस्थेच्या अध्यक्षाचे नाव देऊन टाकले. अमीनच्या काळात ते पुसून काबालेगा या इथल्या राजाचे नाव दिले गेले, आणि त्याची राजवट संपल्यावर पुन्हा जुने आले. नदीला या कशाचीच दखल नसावी.

सकाळी नदीच्या उत्तरेच्या गवताळ माळावर गाडीने फिरलो. प्राणी किती पाहिले त्यांची यादी देऊन मी वाचकांना शिणवीत नाही. पण जिराफ पळताना पाहिला नसेल तर एकदा पाहावाच. एवढा थोरला देह, पण धावतो असा की जणू कुणी सावकाश झोपाळा हलवीत आहे. हत्तींचा एक कळप रस्ता ओलांडत होता. सर्वांत मागे राहिलेले पिल्लू धुळीत लोळायला लागले, तेव्हा आईने मागे येऊन त्याला सोंडेने अशी चापट दिली की आमच्या नातवाने घाबरून स्वतःच्या आईचा पदर धरला. या कळपांनी फार वाईट दिवस पाहिलेले आहेत. अमीनच्या आणि त्यानंतरच्या यादवीच्या काळात बंदुका घेतलेल्या माणसांनी इथले हत्ती बेसुमार मारले. गेंडे तर १९८० नंतर थोड्याच वर्षांत साऱ्या युगांडातून नाहीसे झाले. आता हत्ती पुन्हा वाढत आहेत. आमचा वाटाड्या हे सांगताना असा खूश होता, की जणू त्याच्याच घरी पाळणा हलला आहे.

हा वाटाड्या तिशीतला, उंच, हसतमुख. मला तो 'म्झे' म्हणे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला असेच म्हणतात. माळावरच्या रस्त्याकडे पाहून मी म्हणालो, "जंगलात एवढी चकचकीत डांबरी सडक?" त्याने लांब बोट दाखवले. गवताच्या पलीकडे एक लोखंडी मनोरा उभा होता. "तेल, म्झे."

२००६ साली या बाजूला, आल्बर्ट सरोवराच्या खोऱ्यात तेल सापडले. आता उद्यानाच्या हद्दीतही विहिरी खोदल्या जात आहेत आणि ते तेल टांझानियाच्या किनाऱ्यापर्यंत न्यायला १,४०० किलोमीटरहून लांब नळ घातला जात आहे. वाटाड्याचा धाकटा भाऊ त्या कामावर लागला होता. "चांगला पगार आहे," तो म्हणाला. "घराला पत्रे घातले. आई खूश आहे." थोडा वेळ गाडी चालवून मग पुन्हा म्हणाला, "हत्ती मात्र त्या बाजूला पूर्वीसारखे जात नाहीत."

मी काही बोललो नाही. १९७६ साली पहिला पगार झाला, तेव्हा आमच्याही घराला मंगलोरी कौले आली होती, आणि आमचीही आई खूश झाली होती.

दुपारी पारा नावाच्या धक्क्यावरून होडीत बसलो. होडी नदीतून वर, धबधब्याच्या दिशेने जाते. जाऊन-येऊन तीन तास. नाईल इथे पनवेलच्या खाडीएवढी रुंद आणि चहाच्या रंगाची. दोन्ही काठांना पाणघोडे. प्रथम वाटते की गोलगोल खडक आहेत. मग एका खडकाला कान फुटतात, तो ते फडफडवतो, आणि शेजारचा खडक कुजकट विनोद ऐकल्यासारखा फूः करून हसतो. मगरी वाळूवर जबडा उघडा ठेवून पडल्या होत्या. सौ. म्हणाल्या, "ह्यांचं तोंड दुखत नाही का?" वाटाड्याने सांगितले, की तोंड उघडे ठेवून त्या अंगातली उष्णता कमी करतात. काठाच्या उभ्या मातीत भोके पाडून लाल गळ्याचे वेडे राघू शेकड्यांनी राहत होते. काळापांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत थांबे आणि दगडासारखा खाली पडे. हा मात्र माझ्या ओळखीचा. लहानपणी आमच्या नदीवर असेच होते. आम्ही पोरे काठावर बसून पैजा लावीत असू, या खेपेला मासा मिळतो की नाही.

आणि मग मला फेस दिसला.

पांढरा, घट्ट, साबणासारखा. प्रथम एकदोन पुंजके, मग मोठमोठे तरंगते ताटवे, रुंद पात्रभर पसरलेले. होडी त्यातून वाट काढीत वर चालली होती. माझ्या पोटात धस्स झाले. इतकी वर्षे ज्या माणसाने नदीच्या पाण्याच्या बाटल्या हाताळल्या आहेत, त्याला फेसाची भाषा कळते. मी वाटाड्याचा दंड धरला. "वर कोणता कारखाना आहे?"

तो गोंधळला. "कारखाना? वर तर धबधबा आहे, म्झे."

"मग हा फेस कसला?"

आता तो हसला. नदीच आपला फेस घुसळते, असे त्याने समजावून सांगितले. मीही मनात ताळा करून पाहिला. कुजलेल्या पानांतली, गवतातली, शेवाळातली द्रव्ये पाण्यात उतरलेली असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. आणि धबधब्याने त्यात हवा घुसळली की ताकावर लोणी यावे तसा फेस येतो. साधी गोष्ट. शाळेतल्या मुलालाही समजावी. पण फेस म्हटल्यावर माझ्या मनात पहिला आणि एकुलता एक विचार कारखान्याचा आला. त्या वाटाड्याला, एवढे आयुष्य नदीवर गेले तरी, तो विचार शिवलाही नव्हता. मला माझी कीव आली, आणि त्याचा हेवा वाटला.

होडी धबधब्यापासून थोड्या अंतरावर एका खडकाशी थांबते; त्यापुढे ओढ फार. पुढे आम्ही गाडीने वळसा घालून वरच्या बाजूला गेलो. तिथे काय दिसते ते सांगायचा प्रयत्न करतो. मघाची ती खाडीएवढी नदी दोन खडकांच्या मधल्या जेमतेम सात मीटरांच्या फटीत शिरते. सात मीटर म्हणजे आमच्या वसाहतीतला रस्ता! सेकंदाला ३०० घनमीटरांच्या आसपास पाणी त्या फटीतून स्वतःला पिळून घेते आणि पंचेचाळीस मीटर खाली कोसळते. पायाखालचा खडक थरथरत होता. तुषारांनी आम्ही न्हाऊन निघालो. १९६२ साली, युगांडा स्वतंत्र झाला त्या वर्षी, एवढा पूर आला की नदीने शेजारी दुसरी वाट फोडली. त्या नव्या धबधब्याला लोकांनी उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव दिले.

हा धबधबा म्हणजे माशांचा उंबरठा आहे. खालचा नाईल पर्च नावाचा थोरला मासा कधी वर चढू शकला नाही, म्हणून वरच्या सरोवरांतले शेकडो जातींचे लहान मासे हजारो दिवाळ्या सुखाने राहिले. १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत माणसाने तो मासा उचलून वर सोडला. मासेमारी वाढली, धंदा वाढला. आणि व्हिक्टोरिया सरोवरातल्या लहान माशांच्या कितीतरी जाती कायमच्या गेल्या. नदीने घातलेला उंबरठा माणसाने घागरीतून ओलांडला.

मला वाटले, १९४८ साली जिंजाला सोडलेली ती मूठभर राख सरोवरे ओलांडून इथवर आली असेल, तर याच फटीतून गेली असेल. आणि मग माझ्याच्याने राहवले नाही. पाण्याचा आवाज एवढा होता की शेजारच्या माणसाखेरीज कुणाला काही ऐकू जाणे शक्य नव्हते. मी सौ.ना सांगितले.

प्रयोगशाळेत माझ्याकडे पाण्यातला प्राणवायू मोजण्याचे काम असे. नमुन्याच्या बाटलीत दोन द्रावणे घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो. नसला तर साका पांढराच राहतो. लिटरला चार-पाच मिलिग्रॅम असला तर मासा जगतो. आई गेली त्या आठवड्यात माझ्यापुढे जी बाटली आली, ती आमच्या गावच्या स्मशानाजवळच्या डोहातली होती. नदी तशी वाहती. लोणावळ्याच्या तळ्यांतले पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येऊन १९१५ पासून खोपोलीला वीज देते आणि मग आमच्या पाताळगंगेत सुटते, म्हणून भर उन्हाळ्यातही मधली धार मोडत नाही. पण काठच्या डोहात पाणी साचून राही, आणि कुठून कुठून काय काय येऊन त्यात मिसळे. कारखाने अनेक, नाले अनेक. कुणाचे काय, हे नदीला विचारून कळत नाही. मी द्रावणे घातली. साका पांढराच राहिला. पुन्हा नवी बाटली घेतली. पांढराच.

मी तो आकडा वहीत लिहिला, सही केली, आणि वही कपाटात गेली. आठ दिवसांनी आईच्या अस्थी हातात आल्या. ज्या डोहात मासा जगत नाही हे मला माझ्याच सहीने ठाऊक होते, त्या डोहात मी आईला कशी सोडणार? आणि हे ताईला सांगायचे, तर तिने साधा प्रश्न विचारला असता : "तुला ठाऊक होतं, तर तू काय केलंस?" पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. मी नोकरीला लागलो १९७६ साली. म्हणजे अज्ञानाची सबबसुद्धा माझ्याजवळ नव्हती. मी काहीच केले नव्हते. सही केली होती. म्हणून मग दक्षिण काशी.

सौ.नी सगळे ऐकून घेतले. चष्म्यावरचे पाणी पदराने पुसले आणि म्हणाल्या, "मला बाटलीचं ठाऊक नव्हतं. पण काहीतरी होतं, एवढं ठाऊक होतं. त्या वर्षापासून तुम्ही नदीकडच्या खिडकीत बसायचं सोडलंत." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला काय सांगता? ताईंना सांगा."

परत आल्यावर एका सकाळी मी मास्तरांना घेऊन कर्नाळ्याला गेलो. पावसाळा तोंडावर होता. झाडीत कुणीतरी माणसाने शीळ घालावी तशी शीळ ऐकू आली. मास्तर म्हणाले, हा शीळकरी कस्तूर. जन्मभर ज्याच्या शेजारून एस. टी.ने गेलो, त्याची शीळ मी बहात्तराव्या वर्षी ऐकली.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री छत्री व बॅटरी घेऊन मी नदीकडच्या ओढ्यावर जाऊन उभा राहिलो. सौ. दारातून ओरडत होत्या, "अहो, घसराल!" कातकरीवाडीची पोरे टोपल्या घेऊन आधीच हजर होती. मी एका पोराला विचारले, "वलगण चढली का रे?" त्याने टोपली पुढे केली. बॅटरीच्या उजेडात बोटाएवढे सात-आठ मासे तडफडत होते. आईच्या काळी टोपली उचलवत नसे. पण मासा आला होता. थोडा, पण आला होता. नदी सुधारली असे मी म्हणत नाही. सात-आठ माशांवरून तसे म्हणणे हे प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला शोभणार नाही. मी एवढेच म्हणतो, की ज्या नदीला मी तीस वर्षे पाठ केली, ती अजून संपलेली नव्हती. आता ग्रामसभेत नदीचा विषय निघाला की मी उठून उभा राहतो. साका म्हणजे काय, तो तपकिरी कधी होतो आणि पांढरा कधी राहतो, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगतो. लोक ऐकतात. काही जण जांभया देतात. तेही चालायचेच.

राहिली ताई. येत्या भाऊबीजेला तिला सगळे सांगायचे, असे मी ठरवले होते. वाक्येही जुळवून ठेवली होती. पण मला माझा भरवसा नाही. ओवाळणीचे ताट समोर आले की मी पुन्हा अनाराशांवर बोलत बसेन. म्हणून हे लिहून काढले. आमची ताई ब्याऐंशीच्या पुढे गेली तरी... छे, वय वाढवले तर रागावेल. अठ्ठ्याहत्तरीची ताई अजून दिवाळी अंक आधी वाचते आणि मगच फराळाला हात लावते. तेव्हा मी दारात तिची वाट पाहत उभा असेन, त्याच्या आधीच ही हकीकत तिच्यापर्यंत पोचलेली असेल.

ताई, या खेपेला जरा लवकर ये. ओवाळून झाले की आपण दोघे नदीवर जाऊ.